खुर्ची माझी, खिडकी माझी, तरी बाग दिसेना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सहा वर्षं तुम्ही फर्निचर करताय. मधल्या काळात तीन घरांचं इंटिरिअर झालं. आता त्यातल्याच एका कुटुंबाला मोकळ्या जागेवर एकमजली घर बांधायचंय आणि ‘टेबलापासून छपरापर्यंत सगळं तुम्हीच करा’ असा त्यांचा आग्रह आहे. तुमच्याकडे आर्किटेक्चरची पदवी नाही, वय ३८. हे काम घ्यावं, की आहे त्याच विषयात मुरावं? आणि तिन्हीकडे हात घातला तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत होईल का, ही धास्ती.

धास्ती रास्त आहे. मी स्वतः सुतारकामातून आलो. हातात रंधा आधी आला, नकाशे काढायचा टी-स्क्वेअर नंतर. पुढे इंटिरिअर केलं, मग रीतसर शिकून इमारती. या सगळ्या वर्षांत तिन्ही कामं येणारी माणसं पुष्कळ भेटली. गंमत अशी की त्यांची खुर्ची चांगली असते, खोली चांगली असते, इमारतही चांगली असते, पण तिघी एकमेकींना ओळखत नाहीत. माझ्याही ओळखत नव्हत्या. तो किस्सा सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

मी केलेलं ते पहिलं अख्खं घर. बैठकीच्या खोलीला मोठी खिडकी, बाहेर खिडकीपासून दहा मीटरपर्यंत बाग. खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, ९० सेंमीवर, जशी सगळे ठेवतात तशीच. त्या खिडकीसमोर ठेवायला मी एक आरामखुर्ची केली. बैठक ३५ सेंमी उंच, पाठ छान मागे कललेली. तीन नमुने मोडून चौथा जमला होता, त्यामुळे खुर्चीवर माझा जरा जास्तच जीव होता. घर ताब्यात दिल्यावर महिन्याभराने सहज गेलो, तर घरातल्या आजी त्याच खुर्चीत बसलेल्या. म्हणाल्या, “खुर्ची झकास झालीय रे. पण बाग बघायची तर उठावं लागतं.”

मी बसून पाहिलं. समोर आकाश, आणि पलीकडच्या घराचं छप्पर. बाग गायब.

घरी येऊन कागदावर मांडलं. बसलेल्या माणसाचे डोळे बैठकीपासून साधारण ७० ते ८० सेंमी वर असतात. मागे रेललं की आणखी थोडे खाली येतात. म्हणजे त्या खुर्चीत डोळे जमिनीपासून सुमारे १०० सेंमीवर. खुर्ची खिडकीपासून २ मीटरवर. डोळे १०० वर, सिल ९० वर, म्हणजे सिलवरून जाणारी नजर दोन मीटरमध्ये जेमतेम १० सेंमी उतरते. घराचं जोतं बाहेरच्या जमिनीपासून ४५ सेंमी उंच. तेव्हा माती दिसायला नजर एकूण १४५ सेंमी उतरायला हवी. ती तितकी उतरते खुर्चीपासून २९ मीटरवर. आणि बाग संपत होती १२ मीटरवर!

जेवणाच्या खुर्चीवर बसलं, तर डोळे साधारण १२० वर. तिथून जमीन ११ मीटरवर दिसायला लागते, म्हणजे बागेचा शेवटचा मीटरभर. आरामखुर्ची तशीच ठेवून सिल ६० वर आणली असती, तर सव्वासात मीटरपासून पुढचं सगळं दिसलं असतं, म्हणजे जवळजवळ निम्मी बाग. तीस सेंमी विटकामाचा प्रश्न होता. (सिल खाली आणली की पडण्यापासून संरक्षण लागतं, आडवा गज किंवा खालचा भाग टफन्ड काचेचा. ते नियमात असो वा नसो, करायचंच.)

खुर्ची माझी होती, खिडकीही माझीच. पण खुर्ची काढताना मी सुतार होतो आणि खिडकी काढताना आर्किटेक्ट, आणि दोघांची ओळख करून द्यायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक सेक्शनमध्ये, म्हणजे घर उभं कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, बसलेलं माणूस असतं. उभं माणूस तर सगळेच काढतात.

म्हणून ‘हरहुन्नरी डिझायनर’ या शब्दाकडे मी जरा संशयाने बघतो. तीन कामं येणं हा हुन्नर झाला. खरी मेहनत आहे ती एकाच माणसाची गरज तिन्ही मापांत धरून ठेवण्याची. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे फिनलंडमधलं पायमिओचं क्षयरोग रुग्णालय. आर्किटेक्ट अल्वार आल्तो यांनी १९२९ मध्ये त्याच्या डिझाइनची स्पर्धा जिंकली आणि १९३३ मध्ये इमारत उभी राहिली. त्यांच्या पत्नी आयनो आल्तो यांचाही या कामात मोठा वाटा. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं, विश्रांती, ऊन आणि मोकळी हवा एवढाच इलाज. रुग्ण महिनोन् महिने पडून असायचा. आल्तोंनी खोलीचा विचार या पडलेल्या माणसाच्या जागेवरून केला. आडव्या माणसाला भिंत कमी दिसते आणि छत जास्त, म्हणून छताला डोळ्यांना निववणारा गडद हिरवा रंग. दिवा थेट डोळ्यांवर येणार नाही अशा जागी. हात धुताना शेजारच्या खाटेवरच्या माणसाची झोप मोडू नये म्हणून बेसिनचा आकार असा, की पाणी तिरकं पडून आवाज कमी व्हावा. डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकू नये असा दाराचा हँडल. आणि तीच ती पायमिओ खुर्ची: बर्चच्या वाकवलेल्या प्लायची, पाठीचा कोन छाती मोकळी राहून श्वास सोपा जावा असा. त्या वेळी स्टीलच्या नळीच्या खुर्च्यांची चलती होती, पण स्टील अंगाला गार लागतं म्हणून त्यांनी लाकूड निवडलं.

आता यात फर्निचर कुठे संपलं, इंटिरिअर कुठे सुरू झालं आणि आर्किटेक्चर कुठून, हे मला तरी सांगता येत नाही. सगळीकडे विचारलेला प्रश्न एकच होता: पडून असलेल्या माणसाला इथे काय होतंय? इटलीचे आर्किटेक्ट एर्नेस्तो रॉजर्स यांची ‘चमच्यापासून शहरापर्यंत’ ही घोषणा अनेक स्टुडिओंच्या भिंतींवर लावलेली दिसते. बहुतेक जण तिचा अर्थ ‘मी सगळं करू शकतो’ असा लावतात. माझ्या लेखी ती अभिमानाची नव्हे, जबाबदारीची गोष्ट आहे.

ही झाली जोडणारी बाजू. तोडणारी बाजू त्याहून जास्त महत्त्वाची, कारण फर्निचरमधून इमारतीकडे जाणारा माणूस तिथेच आपटतो.

पहिली गोष्ट, चूक सुधारायची मुभा. खुर्चीचा नमुना पूर्ण आकारात करता येतो, त्यावर बसता येतं, डुगडुगली तर मोडता येते. मागे रेलून दोन पायांवर झुलणारं माणूस तुमच्या सांध्याची परीक्षा आठवड्यात घेतं. इंटिरिअरमध्ये ही मुभा अर्धी होते: एक शटर, एक कोपरा नमुन्याला करून बघता येतो. इमारतीत पहिला नमुना हाच शेवटचा माल असतो. जिना ओतून झाल्यावर ‘पायरी अर्धा इंच उतरवा’ म्हणायची सोय नाही. फर्निचरवाल्याला ‘करून बघू’ची सवय असते, आणि सवय चांगलीच आहे, फक्त ती इमारतीत मुद्दाम, खर्च करून, आधी घडवून आणावी लागते. मोकळ्या जागेवर दोरी आणि खुंट्या मारून खोल्या चालून बघा. खिडकीच्या जागी दोन बांबू आणि एक आडवी पट्टी बांधा. जिन्याच्या तीन पायऱ्या फळकुटांच्या करून चढा. पायरीच्या दोन उंच्या आणि एक रुंदी यांची बेरीज ६० ते ६४ सेंमी यावी हा जिन्याचा नियम सतराव्या शतकापासून चालत आलाय, तो पाळाच. पण नियम पाळूनही काही जिने पायाला खोटे लागतात, ते चढल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट, मापातला फरक. यावर जरा थांबतो, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे आणि झोप इथेच गेली.

वर्कशॉपमध्ये आपण अर्ध्या मिलिमीटरवरून भांडतो. खणाच्या दोन्ही बाजूंची फट सारखी नसेल तर जेवण जात नाही. साइटवर गवंड्याची तीन मीटर उंच भिंत ओळंब्यात पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे असणं ही रोजची गोष्ट आहे, आणि तो काही आळशी नसतो. ओला गिलावा आणि वाळलेलं लाकूड यांचे स्वभावच वेगळे. मी सुरुवातीला भिंत ते भिंत कपाट वर्कशॉपमध्ये मिलिमीटरच्या हिशेबात करून नेलं होतं. खाली बसलं, मध्ये घासलं, वर बोट जाईल एवढी फट. मी गवंड्यावर चिडलो. माझ्यासोबतच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी गुण्या लावून भिंत बघितली, कपाट बघितलं आणि म्हणाले, “भिंत भिंतीसारखीच आहे साहेब. तुम्ही पट्टी सोडायला हवी होती.”

पट्टी सोडणं म्हणजे हेच: कपाटाच्या कडेला तीसेक मिलिमीटरची जादा पट्टी ठेवायची, जागेवर कपाट ओळंब्यात उभं करायचं, कंपासने भिंतीची वेडीवाकडी रेषा त्या पट्टीवर उतरवायची आणि पटाशीने किंवा रंध्याने तेवढंच तासायचं. कपाट सरळ राहतं, भिंत वाकडी राहते, आणि दोघांतला तंटा त्या पट्टीत मिटतो. दुसरा उपाय म्हणजे कपाट आणि भिंत यांच्यात मुद्दाम दहा-बारा मिलिमीटरची खोल खाच सोडायची. सावलीत डोळ्याला फरक कळत नाही. दिसायला ही खाच फॅशन वाटते, पण तिचं खरं काम दोन वेगळ्या मापांच्या जगांना एकमेकांपासून लांब ठेवणं हे आहे.

तिन्ही क्षेत्रांत फिरणाऱ्या माणसाचं कसब मला विचाराल तर मुख्यतः इथे दिसतं, सांध्यावर. जिथे सुतार संपतो आणि गवंडी सुरू होतो, जिथे खिडकीची चौकट आणि गिलावा भेटतात, जिथे फरशी उंबऱ्याला टेकते. ज्याने फक्त इमारती केल्यात त्याच्या ड्रॉइंगमध्ये या जागी एक रेष असते. फक्त फर्निचरवाल्याच्या ड्रॉइंगमध्येही एकच रेष असते. प्रत्यक्षात तिथे दोन रेषा आणि मध्ये कुणाच्या तरी चुकीसाठी सोडलेली जागा हवी.

फ्रेंच डिझायनर शार्लॉट पेरियाँ यांनी या तंट्यावर वेगळाच तोडगा काढला. फ्रान्सच्या आल्प्समधल्या लेझार्क या स्कीइंगच्या गावासाठी काम करताना त्यांनी बाथरूमच पॉलिस्टरच्या साच्यात कारखान्यात तयार करून, उचलून इमारतीत बसवले. डोंगरात बांधकामाचा मोसम आखूड, कारागीर कमी. मग ओलं काम साइटवर करायचंच कशाला? फर्निचरची शिस्त इमारतीत अशी नेता येते. एकमजली घरासाठी हे अतिच होईल, पण स्वयंपाकघराचे खण किंवा न्हाणीघराची दारं यांचं बरंचसं काम वर्कशॉपमध्येच उरकायचं, ही त्याचीच लहान आवृत्ती झाली.

तुमचं फर्निचरचं कोणतं ज्ञान जसंच्या तसं पुढे जातं, हेही सांगतो, म्हणजे हातात काहीच नाही असं वाटायला नको.

पुस्तकाच्या कपाटाची फळी तुम्ही कितीदा केली असेल. १८ मिलिमीटरची फळी ६० सेंमीच्या गाळ्यात वर्षानुवर्षं सरळ राहते आणि तीच ९० सेंमीच्या गाळ्यात पोटात वाकते. कारण पुस्तकं सगळीकडे सारखीच दाटीने लावली, तर फळीचा वाक गाळ्याच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. लांबी दीडपट, वाक पाचपट. जाडीचं उलटं: ती तिसऱ्या घाताने मदत करते. १८ ऐवजी २५ मिलिमीटर घेतली की वाक जवळजवळ एकतृतीयांशावर येतो. तरी ९० सेंमीची २५ ची फळी ६० सेंमीच्या १८ च्या फळीपेक्षा दुपटीच्या आसपास वाकेल. म्हणून फळी जाड करण्याआधी गाळा लहान करा, किंवा पुढच्या कडेखाली उभी पट्टी लावा. आता ‘फळी’च्या जागी ‘बीम’ वाचा. इमारतीचा बीम रुंद न करता खोल का करतात, खोलीची लांबी थोडीशी वाढवली की इंजिनिअरच्या कपाळाला आठी का पडते, हे तुम्हाला हाताने माहीत आहे. हिशेब तोच करेल, पण तो काय बोलतोय ते तुम्हाला कळेल. ही मोठी शिदोरी आहे.

तसंच लाकडाच्या हलण्याचं. सागाचा किंवा ओकचा मीटरभर रुंद तक्ता तुम्ही टेबलाच्या सांगाड्याला गच्च स्क्रू मारून बसवत नाही. भोक लांबट ठेवता, कारण दमट आणि कोरड्या मोसमात तक्ता आडवा फुगतो-आकसतो, आणि त्याला हलू दिलं नाही तर तो फुटतो. काँक्रीटही हलतं, फक्त कारण वेगळं. ३० मीटर लांब बांधकामात तापमान ३० अंशांनी बदललं की लांबीत सुमारे ९ मिलिमीटरचा फरक पडतो. मोठ्या इमारतीतला एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे दोन भागांत मुद्दाम सोडलेली फट, हे टेबलाखालचं लांबट भोकच. ज्याला हे भोक का ठेवायचं ते समजलंय, त्याला तो जॉइंट कुरूप वाटत नाही आणि तो लपवायच्या नादात बुजवतही नाही.

काय पुढे जात नाही? आकार. फर्निचरचा आकार उचलून मोठा केला की इमारत होते, हा भ्रम फार देखणा असल्यामुळे टिकून आहे. आणि नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचं श्र्योडर घर बघून तो आणखी पक्का होतो. त्या घराचा आर्किटेक्ट खेरित रिटफेल्ड सुताराचा मुलगा, वडिलांच्या कारखान्यात लहानपणीच लागलेला. १९१८ च्या त्याच्या खुर्चीत चौकोनी पट्ट्या एकमेकींत घुसत नाहीत, एकमेकींच्या शेजारून पुढे निघून जातात. तिला ओळखीचे लाल-निळे रंग नंतर लागले. १९२४ मधलं ते घर बघताना वाटतं, तीच खुर्ची राहण्याएवढी मोठी केली. पण आत जाऊन बघितलं तर गोष्ट वेगळी आहे. बाहेरचे ते एकमेकांवरून सरकल्यासारखे दिसणारे पांढरे-करडे सपाट पट काँक्रीटचे वाटतात, पण भिंती आहेत विटेच्या आणि वर गिलावा; काँक्रीट एवढ्या लहान कामाला परवडेना, ते पाया आणि बाल्कन्यांपुरतंच उरलं. खुर्चीत जे रचनेचं सत्य होतं ते इमारतीत दर्शनी राहिलं. त्या घरात खुर्चीतून खरंच आलेली गोष्ट वरच्या मजल्यावर आहे: सरकत्या पार्टिशनांनी दिवसा एक मोकळी खोली, रात्री वेगवेगळ्या खोल्या. ही कपाटवाल्याची बुद्धी, शटर कुठे सरकेल आणि कुठे लपेल याचा विचार करणाऱ्याची. आणि त्यात घरमालकीण ट्रूस श्र्योडर यांचा हात रिटफेल्डइतकाच होता. तुमच्या घरमालकांनाही असंच कामाला लावा.

यानंतर एक गोष्ट, जी मला कुणी सुरुवातीला सांगायला हवी होती. तिन्ही कामांचं आयुष्य वेगवेगळं असतं. कोपनहेगनचं एसएएस रॉयल हॉटेल डॅनिश आर्किटेक्ट आर्ने याकोब्सेन यांनी अगदी काटेचमच्यांपर्यंत एकहाती केलं, १९६० मध्ये पूर्ण झालं. एग आणि स्वान या खुर्च्या त्याच कामातून आल्या. एगची ती उंच, कवेत घेणारी पाठ म्हणजे गजबजलेल्या लॉबीत एकट्याला मिळालेला आडोसा. आज काय आहे? इमारत उभी आहे. एग खुर्ची अजून बनते आणि कुठल्या कुठल्या खोल्यांत जाऊन बसलीय. आणि मधलं इंटिरिअर? ते बदललं गेलं. मूळ रूपात जपली ती एक खोली, क्रमांक ६०६.

मला यातून एवढं कळलं, की इंटिरिअर मधोमध असलं तरी सगळ्यात अल्पायुषी तेच. भिंतीत गाडलेली वायर, फर्निचरमध्ये चिणलेलं बटण, काँक्रीटमध्ये अडकवलेला ओटा म्हणजे अल्पायुषी माणसाशी दीर्घायुषीचं लग्न लावून दिल्यासारखं. पाच-सात वर्षांनी कुणीतरी कपाट काढेल तेव्हा मागे फरशी असली पाहिजे. ती तुम्ही घालायला लावा, भले कुणाला दिसणार नसो. सगळं एकाच हाताने करणाऱ्याला इथे मोह आवरत नाही. सगळं सगळ्याशी जोडून टाकावंसं वाटतं. मी तर म्हणेन, तुमच्या या घरात निदान एक कोपरा असा ठेवा जिथे तुमचं काहीच नाही. त्यांची जुनी खुर्ची कुठे जाईल, हे त्यांना विचारलंत का?

पदवीचं आणि परवान्याचं लवकर उरकतो, त्यात फारसं विचार करण्यासारखं नाही. बऱ्याच देशांत ‘आर्किटेक्ट’ हे बिरूद आणि नकाशावर सही करण्याचा अधिकार कायद्याने ठरावीक नोंदणीधारकांनाच आहे. तुमच्याकडे काय आहे ते आधी बघा, आणि तसंच असेल तर नोंदणी असलेला आर्किटेक्ट पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, शेवटी सहीपुरता नव्हे. सहीपुरता घेतलेला माणूस अडचणीच्या वेळी फोन उचलत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरही तसाच, पहिल्या स्केचपासून. यात कमीपणा वाटण्याचं कारण नाही. इटलीचे आर्किटेक्ट जिओ पोंती यांची १९५७ ची सुपरलेज्जेरा खुर्ची १.७ किलोची, ज्यांनी माणसाचं वजन पेलणारी वस्तू एवढी हलकी केली, त्यांनीही मिलानचा पिरेल्ली टॉवर उभारताना पिएर लुइजी नेर्वी यांच्यासारखा इंजिनिअर सोबत घेतला होता.

वयाचंही तसंच. आयरिश डिझायनर आयलीन ग्रे लाखेच्या कामातून, घडीची पार्टिशनं आणि फर्निचरमधून आल्या. आर्किटेक्चरची पदवी त्यांच्याकडेही नव्हती. जन्म १८७८ चा, आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ‘ई-१०२७’ हे त्यांचं पहिलं घर बांधलं गेलं १९२६ ते १९२९ मध्ये. हिशेब तुम्हीच करा. त्या घरासाठी केलेलं त्यांचं नळीचं आणि काचेचं छोटं टेबल बघा: पाय एका बाजूला, म्हणजे ते खाटेखाली सरकतं आणि तक्ता अंथरुणावर येतो, उंचीही कमीजास्त होते. अंथरुणात बसून नाश्ता करणाऱ्या माणसासाठी केलेलं टेबल, त्यातून त्या खोलीबद्दल किती कळतं! पण एक ध्यानात ठेवा. हे त्या धडाधड करत सुटल्या नाहीत. मधली वर्षं त्यांनी शिकण्यात, आराखडे गिरवण्यात घातली होती.

तर तुम्ही हे घर घ्या. तीन कामांचे तीन वेगळे करार करा: इमारत, आतलं काम, सुटं फर्निचर. कुटुंब एकच आहे, विश्वास आहे, मग कशाला, असं वाटेल. कारण एवढंच, की इमारत लांबली की इंटिरिअरचे दिवस खाल्ले जातात, आणि इंटिरिअरवर खर्च वाढला की सुटं फर्निचर कापलं जातं. एकाच करारात हे सगळं तुमच्या मेहनतान्यातून वसूल होतं, तेही तुमच्या नकळत.

क्रम मात्र कागदावर वेगळा ठेवा. बांधकाम आधी इमारतीचंच होणार, पण विचार उलटा करा. पहिल्या आठवड्यात प्लॅन काढू नका. त्या कुटुंबातलं कोण कुठे किती वेळ बसतं याची यादी करा. कोण खाली बसतं, कुणाला उठताना हाताचा आधार लागतो, लहान मूल अभ्यासाला कुठे बसेल आणि त्या वेळी स्वयंपाकघरातून ते दिसेल का. त्या प्रत्येकासाठी बैठकीची उंची ठरवा, बैठकीवरून डोळ्यांची उंची, त्यावरून सिल. जेवणाच्या टेबलामागून एक माणूस आरामात जायचं तर खुर्ची ओढलेली असताना मागे किमान ७५ सेंमी मोकळे हवेत, म्हणजे खोलीची रुंदी टेबलच सांगतं. खाट, दोन्ही बाजूंची जागा, कपाटाचं उघडलेलं दार: झोपायची खोली तिथूनच निघते. असं आतून बाहेर येत गेलात की प्लॅन जवळजवळ स्वतःच उभा राहतो, आणि तो दिसायला जरा बेंगरूळ असतो. मग आर्किटेक्टसोबत बसून त्याला शिस्त लावा. ऊन, वारा, उतार, पाण्याचा निचरा हे त्याला जास्त कळतं.

पहिल्यांदा जागेवर जाल तेव्हा टेपसोबत दोन खुर्च्या न्या, एक जेवणाची आणि एक बुटकी. सोबत एखादी फळी, जी कुणीतरी वेगवेगळ्या उंचीवर आडवी धरेल. बसा, आणि फळीवरून काय दिसतं ते लिहून घ्या. आजी असतील तर त्यांनाही बसवा.